सोडचिठ्ठीनंतरचे सोने : जुन्नर-आंबेगावच्या संदर्भात एक आढावा

मंचर, नारायणगाव, आळेफाटा, ओतूर, घोडेगाव. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या या बाजारपेठांत लग्नसराईला सराफाच्या दुकानात बसायला जागा मिळत नाही. त्याच दुकानांत एरवी वेगळ्या कामाचे गिऱ्हाईकही येते. बरोबर आई किंवा भाऊ असतो, पिशवीत रुमालात बांधलेले गंठण आणि पाटल्या असतात आणि प्रश्न एकच असतो : याची मोड किती येईल? तो प्रश्न सराफापर्यंत येण्याआधी घरात दुसऱ्या प्रश्नावर बरीच खडाजंगी झालेली असते. ज्याच्याशी आता नाते उरले नाही, त्याने किंवा त्याच्या घरच्यांनी दिलेल्या दागिन्यांचे करायचे काय?

सोन्याच्या भावाने हा वाद धारदार केला आहे. 2000 साली दहा ग्रॅम सोने साडेचार हजारांच्या आसपास मिळत होते. एप्रिल 2025 मध्ये त्याच दहा ग्रॅमने एक लाखाचा टप्पा गाठला. त्या काळी पाच तोळे घातलेली मुलगी आज वेगळी होते, तेव्हा जावयाच्या घरी राहिलेल्या त्या पाच तोळ्यांत घराची दुरुस्ती किंवा मुलाचे शिक्षण भागते. त्यामुळे पूर्वी ‘जाऊ दे’ म्हणून सोडलेली गोष्ट आता कोणी सोडत नाही.

जुनी चौकट

स्त्रीधन ही कल्पना जुनी आहे. मनुस्मृतीत त्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. लग्नाच्या अग्नीसमोर मिळालेले, सासरी निघताना मिळालेले, प्रेमाने दिलेले आणि आई, बाप, भाऊ यांनी दिलेले. याज्ञवल्क्यस्मृती आणि तिच्यावरची विज्ञानेश्वराची मिताक्षरा टीका यांनी ही यादी आणखी वाढवली. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात मिताक्षरेचा अधिकार मुख्य मानला जाई.

आजच्या वादाशी थेट जुळणाऱ्या दोन तरतुदी याज्ञवल्क्यात आहेत. पहिली अशी की दुष्काळ, धर्मकार्य, आजार किंवा अटक अशा वेळी नवऱ्याने बायकोचे स्त्रीधन वापरले, तर ते परत करण्याची सक्ती त्याच्यावर नाही. दुसरी तरतूद ठरलेल्या सोयरिकीची आहे. मुलगी द्यायचे कबूल करून जो मागे फिरतो त्याने समोरच्याचा झालेला खर्च व्याजासह भरायचा. मुलगीच दगावली, तर वराने आपण दिलेले परत घ्यायचे, पण दोन्हीकडचा खर्च वजा करून. म्हणजे आणीबाणीत वापरलेले सोने आणि लग्नाआधी मोडलेले नाते, हे दोन्ही पेच त्या काळीही ओळखीचे होते.

शास्त्राबाहेर रूढी होती. अनेक जातींत काडीमोड आणि पाट चालत. काडीमोड पंचांसमोर होई आणि देण्याघेण्याचा हिशेबही तिथेच मिटे. इंग्रजांच्या 1856 च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने पुनर्विवाहाला मान्यता दिली, पण दुसरे लग्न करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क संपवला. ‘नाते संपले की त्या घरचे त्या घरी’ ही समजूत गावात आजही ऐकू येते. रूढीने आणि त्या कायद्याने तिला बळच दिले.

कायदा आज काय म्हणतो

1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 14 ने बाईच्या ताब्यातल्या मिळकतीवर तिची पूर्ण मालकी मान्य केली. त्यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा 1985 चा प्रतिभा राणी खटला. स्त्रीधन फक्त बायकोचे असते, सासरच्यांकडे ते ठेवायला दिले तर ते विश्वस्त ठरतात आणि मागूनही परत केले नाही तर तो फौजदारी विश्वासघात होतो, असे त्या निकालाने ठरवले. त्या वेळी हा गुन्हा भारतीय दंड संहितेच्या कलम 406 मध्ये होता. जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 मध्ये आहे.

2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यान्वये दंडाधिकारी स्त्रीधन परत करण्याचा आदेश देऊ शकतात. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की न्यायालयीन विभक्तता झाली तरी बाईचा हा हक्क संपत नाही आणि दागिने अडवून ठेवणे हा रोज चालू राहणारा गुन्हा आहे. ऑगस्ट 2024 च्या एका निकालाने माहेरच्यांनाही मर्यादा घातली. मुलीने अधिकार दिला नसेल, तर तिच्या स्त्रीधनावर तिच्या वडिलांनाही दावा लावता येत नाही. मुस्लिम घटस्फोटितांसाठी 1986 चा कायदा आहे. लग्नाआधी, लग्नात किंवा नंतर नवऱ्याने, त्याच्या नातेवाइकांनी वा माहेरच्यांनी दिलेल्या वस्तूंवर तो त्यांचा हक्क मान्य करतो.

मालकीचा प्रश्न असा बऱ्यापैकी निकाली निघाला आहे. नवऱ्याने लग्नात घातलेले मंगळसूत्र, सासूने ओटीत दिलेल्या पाटल्या, दिराने दिलेली अंगठी हे सगळे स्त्रीधन आहे. घटस्फोट झाला म्हणून ते परत करण्याचे बंधन नाही. तरीही गावोगावच्या बैठकांत वाद तसाच राहतो. कारण कायदा ‘कोणाचे’ एवढेच सांगतो. ‘ठेवावे का’ आणि ‘होते हे कशावरून’ हे पुढचे प्रश्न माणसांनाच सोडवावे लागतात.

चार भूमिका

पहिली भूमिका परत करण्याची. ती बहुतेकदा मुलीच्या आईकडून येते : “अगं, त्यांचं त्यांना देऊन टाक, उद्या बोल नको लागायला.” यात अब्रूची काळजी असते, पुढच्या सोयरिकीचा विचार असतो आणि सुटकेची घाईही असते. दोन्ही बाजूंनी आपापले घेऊन मोकळे व्हायचे, माहेरचे माहेरी आणि सासरचे सासरी, हा गावच्या मध्यस्थांचा आवडता तोडगा आहे. त्याचा फायदा असा की प्रकरण एका बैठकीत मिटते. तोटा असा की बाई स्वतःच्या मालकीचे सोने स्वतःच्या हाताने सोडून देते आणि बदल्यात काय मिळाले, हे पुष्कळदा कागदावर येत नाही.

दुसरी भूमिका ठेवण्याची. महिला संघटना आणि वकील सहसा ही बाजू घेतात. जुन्नरला लागून असलेल्या संगमनेरमध्ये 1980 च्या दशकाच्या अखेरीस ॲड. निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परित्यक्तांचा प्रश्न लावून धरला. टाकलेल्या बाईला दया नको, हक्क हवा, ही भाषा या भागात त्या चळवळीने रुजवली. या बाजूचा युक्तिवाद असा : संसारात बाईने घातलेल्या वर्षांची, शेतातल्या आणि घरातल्या कामाची नोंद कुठेच नसते. जमीन नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असते. हातात येणारी मालमत्ता म्हणजे एवढे सोने. तेही परत केले तर ती रिकाम्या हाताने बाहेर पडते.

तिसरी भूमिका मोडून टाकण्याची. दागिना नको, पण त्याचे मोल हवे. हा व्यवहारी मार्ग वाटतो, पण सराफाच्या काट्यावर गेल्यावर त्यातली खोच कळते. मंगळसूत्रातले काळे मणी बाजूला काढले जातात. जुन्या बोरमाळेच्या मण्यांत लाख भरलेली असते, ती वजनातून जाते. मग टंच काढला जातो. पावतीवर बावीस कॅरेट असूनही सोने कमी भरले, तर तितका भाव उतरतो. मूळ खरेदीत दिलेली घडणावळ आणि जीएसटी परत मिळत नाही. एप्रिल 2023 पासून नवे दागिने सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांकाच्या हॉलमार्कशिवाय विकता येत नाहीत. त्यामुळे अलीकडच्या दागिन्यांची शुद्धता चटकन पटते, जुन्यांसाठी मात्र काट्यावरच विसंबावे लागते. मोड करून नवा दागिना घडवला तर वजन राहते आणि आठवण जाते, म्हणून अनेक जणी हाच मधला रस्ता धरतात.

चौथी भूमिका मुलांसाठी राखून ठेवण्याची. विशेषतः मुलगी असेल तर ‘तिच्या लग्नाला होईल’ यावर दोन्ही घरे राजी होतात. समझोत्याच्या अर्जात तशी ओळही घातली जाते. पण तोवर ते सोने कोणाच्या लॉकरमध्ये राहणार हे ठरवले नाही, तर वाद फक्त पुढे ढकलला जातो.

मंगळसूत्राची गोष्ट या चारही भूमिकांत वेगळी काढावी लागते. ते सोने म्हणून वजनात येते आणि खूण म्हणून मनात राहते. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने पतिनिधनानंतर मंगळसूत्र काढणे, बांगड्या फोडणे अशा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने तो इतर गावांपुढे आदर्श म्हणून ठेवला. विधवेच्या मंगळसूत्राविषयी समाज निदान बोलू लागला. घटस्फोटितेच्या मंगळसूत्राविषयी अशी सार्वजनिक चर्चा अजून नाही. कोणी ते परत पाठवते, कोणी वाट्या वितळवते, कोणी देवाच्या पेटीत टाकते. यातले काहीही केले तरी कायद्याने तिला अडवता येत नाही.

लग्नाआधीच मोडलेले नाते

साखरपुडा मोडतो तेव्हा चित्र बदलते. आपल्याकडे साखरपुड्याच्या अंगठीसाठी वेगळा कायदा नाही. जंगम वस्तूचे दान ती हातात दिली की पूर्ण होते, हा 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचा साधा नियम आहे. दुसऱ्या बाजूने, ‘लग्न होणार’ या अटीवरच हे दिले होते, असाही युक्तिवाद होऊ शकतो. परदेशांत या दोन्ही टोकांची उदाहरणे आहेत. इंग्लंडच्या 1970 च्या कायद्याने अंगठी ही पूर्ण भेट मानली. देणाऱ्याला अट होती असे सिद्ध करता आले, तरच ती परत मिळते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये उलट दिशा घेतली. दोष कोणाचा हे न पाहता अंगठी देणाऱ्याकडे परत जावी, असा तो निकाल आहे. तिथला वाद सत्तर हजार डॉलरच्या अंगठीचा होता.

जुन्नर-आंबेगावात असा वाद न्यायालयात क्वचितच जातो. सोयरीक जमवणारे पाव्हणेच दोन्ही घरी फिरून अंगठी, साड्या आणि कार्यक्रमाचा खर्च यांचा मेळ घालतात. ज्याने मोडले त्याने खर्च सोसावा, ही याज्ञवल्क्याच्या जवळची धारणा तिथे सहज मान्य होते. फक्त ‘मोडले कोणी’ यावर एकमत होत नाही.

कॉलेजच्या वयातल्या प्रेमात दिलेल्या पैंजणाचे किंवा चेनचे उत्तर सोपे आहे. ती भेट आहे आणि मागून मिळत नाही. एक बारकावा मात्र आयकराचा आहे. नवऱ्याकडून किंवा नातेवाइकांकडून आलेल्या, तसेच लग्नप्रसंगी मिळालेल्या भेटीवर कर नाही. मित्राकडून वर्षभरात पन्नास हजारांहून जास्त किमतीचे दागिने आले, तर ते उत्पन्नात धरले जातात. आजच्या भावाने काही ग्रॅममध्येच ती मर्यादा ओलांडली जाते.

याद, फोटो आणि तोळा

खरा तिढा पुराव्याचा आहे. या भागात लग्न ठरताना याद होते. कोणी किती सोने घालायचे, कपडे कोणाचे, जेवण कोणाचे, हे ज्येष्ठांसमोर कागदावर उतरते. 1985 च्या केंद्रीय नियमांनीही वधू-वरांच्या भेटींच्या दोन स्वतंत्र याद्या ठेवायला सांगितले आहे. वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि वधू-वरांची सही त्यात हवी. म्हणजे कायद्याला हवी ती सवय इथे आधीपासून होती. पण गावची याद लग्नानंतर जपली जात नाही. तिच्यात नवऱ्या मुलाला काय द्यायचे तेही लिहिलेले असते आणि मागणीवरून दिलेले तसे देणे हुंड्याविरुद्धच्या 1961 च्या कायद्याने हुंडा ठरते. देणाराही त्यात अडकू शकतो म्हणून कागद फाडला जातो आणि त्याबरोबर बाईच्या सोन्याचा पुरावाही जातो.

उरतात फोटो आणि व्हिडिओ. तेही पूर्ण विश्वासाचे नाहीत. लग्नात अंगावर दिसणारा राणीहार चुलतीकडून एका दिवसापुरता आणलेला असू शकतो किंवा एक ग्रॅम सोन्याचा असू शकतो. ‘घराण्याचा आहे, फक्त घालायला दिला होता’ हा सासरच्यांचा बचाव पुष्कळदा खोटा असतो, पण नेहमीच नाही. अशा वेळी देणाऱ्याचा हेतू काय होता, हे पाहावे लागते.

वजनातही गोंधळ आहे. आजचा सराफ तोळा म्हणजे दहा ग्रॅम धरतो, जुना तोळा 11.66 ग्रॅमचा होता. वडीलधाऱ्यांच्या तोंडी हिशेबातले ‘पाच तोळे’ पन्नास ग्रॅम की अठ्ठावन्न, यावरच आजच्या भावाने लाखभराचे अंतर पडू शकते.

एप्रिल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात पुराव्याच्या बाबतीत दिलासा दिला. लग्नात मिळालेले 89 पवन सोने पहिल्याच रात्री ‘सांभाळायला’ म्हणून काढून घेतले गेले, अशी बायकोची तक्रार होती. संसार विश्वासावर चालतो, त्यामुळे प्रत्येक दागिन्याची पावती मागू नये, शक्यता कुठे झुकते ते पाहावे, असा त्या निकालाचा रोख होता. नवऱ्याने अडचणीत स्त्रीधन वापरले तरी ते परत करण्याची त्याची नैतिक जबाबदारी राहते, असेही त्यात म्हटले आहे. बायकोला 25 लाख रुपये देण्याचा आदेश झाला. मात्र 89 पवन म्हणजे 712 ग्रॅम, आणि त्या दिवसाच्या भावाने तेवढ्या सोन्याची किंमत याहून बरीच जास्त होती.

पिकासाठी गहाण पडलेले सोने

या दोन तालुक्यांची शेती खर्चिक आहे. नारायणगावचा टोमॅटो, मंचर पट्ट्यातला कांदा-बटाटा, कुकडीच्या पाण्यावरचा ऊस. भांडवल लागते ते हंगामाच्या सुरुवातीला, पैसा येतो शेवटी, आणि भाव पडला तर येतही नाही. मधल्या काळात बायकोच्या पाटल्या बँकेत किंवा पतसंस्थेत तारण जातात. बऱ्याचदा तिच्या संमतीने, कधी तिला न विचारता. संसार टिकला तर त्या सुटतात किंवा त्यांचा लिलाव होतो, आणि दोघे मिळून ते सोसतात. संसार मोडला की तो खर्च कोणाचा होता, हा प्रश्न उभा राहतो.

नवऱ्याकडचे म्हणतात, त्या पिकावर तीही जगली. बाईकडचे म्हणतात, बोअर आणि जमीन त्याच्याकडे राहिली, गेले ते फक्त तिचे सोने. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. जुन्या स्मृतीने दुष्काळात नवऱ्याला मोकळीक दिली होती, एप्रिल 2024 च्या त्या निकालाने परत करण्याची नैतिक जबाबदारी मात्र त्याच्यावर ठेवली. पण बायकोने स्वतः सही करून ठेवलेले तारण ‘अडचणीत वापरले’ यात बसते का, याचे उत्तर प्रत्येक प्रकरणात वेगळे निघते. रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्या बँकेने सोने कोणाच्या मालकीचे आहे याची खातरजमा करायची आहे. पतसंस्था सहकार कायद्याखाली चालतात, त्यांना हे नियम लागू नाहीत.

डोंगरपट्ट्याचा वेगळा प्रश्न

डिंभे आणि माणिकडोह धरणांच्या वरच्या अंगाला महादेव कोळी आणि ठाकर वस्ती आहे. दोन्ही अनुसूचित जमाती. हिंदू विवाह कायदा आणि हिंदू उत्तराधिकार कायदा केंद्राच्या अधिसूचनेशिवाय अनुसूचित जमातींना लागू होत नाहीत. तिथे रूढी चालते, फारकत पंचांसमोर होते. जमातीने हिंदू रीतिरिवाज पुरते स्वीकारले आहेत असे सिद्ध झाले, तर हिंदू कायदा लागू धरल्याचे निकालही आहेत. त्यामुळे एकाच तालुक्यात घोडेगावच्या बाईला एक कायदा आणि वरच्या गावातल्या बाईला दुसरा, असे होऊ शकते. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आणि विश्वासघाताचे कलम मात्र दोघींना सारखेच लागू आहे. डोंगरपट्ट्यातल्या बाईसाठी दागिने मिळवण्याचा खात्रीचा रस्ता आज तोच आहे.

पंचांच्या बैठकीलाही मर्यादा आहे. 2007 पासूनच्या तंटामुक्त गाव मोहिमेने समेटाला प्रतिष्ठा दिली, तर राज्याच्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याने जातपंचायतीच्या जबरदस्तीला चाप लावला. समेट चालतो, सक्ती चालत नाही. तरी मुद्रांकावर ‘दागिने परत मिळाले, आता काही येणे-देणे राहिले नाही’ असे लिहून घेतलेली सोडचिठ्ठी सर्रास दिसते. जातीची रूढी सिद्ध झाल्याशिवाय अशा सोडचिठ्ठीने लग्न संपत नाही. पण त्यातली ती एक ओळ पुढे बाईच्या दाव्याविरुद्ध दाखवली जाते.

काय उरले

पहिला उघडा प्रश्न किमतीचा. दागिना गेलाच असेल तर भरपाई कोणत्या दिवसाच्या भावाने द्यायची : लग्नाच्या, वेगळे झाल्याच्या की निकालाच्या? केरळच्या प्रकरणातल्या निकालाने रक्कम दिली, सूत्र दिले नाही.

दुसरा प्रश्न वारसाचा. घटस्फोट न घेता वर्षानुवर्षे माहेरी राहणाऱ्या बाया या भागात कमी नाहीत. अशी हिंदू बाई मृत्युपत्र न करता आणि मूलबाळ नसताना गेली, तर तिचे सोने नवऱ्याकडे आणि तो नसेल तर त्याच्या वारसांकडे जाते. आई-बापांकडून वारसाने आलेली मिळकत माहेरी परत जाते. लग्नात भेट म्हणून मिळालेले सोने त्या अपवादात बसत नाही. मृत्युपत्राचा एक साधा कागद हे टाळू शकतो, पण माहेरी राहणाऱ्या मुलीला तो सुचवणे घरच्यांना अशुभ वाटते.

तिसरा प्रश्न यादीचा आणि तोच बाकीच्यांच्या मुळाशी आहे. 2025 मध्ये मुळशी तालुक्यातल्या एका विवाहितेच्या मृत्यूनंतर पुणे जिल्ह्यात हुंडा आणि लग्नातले सोने यांची चर्चा पुन्हा पेटली. मराठा समाजाच्या बैठकांतून साध्या लग्नाची आचारसंहिता पुढे आली. तिचा भर कमी देण्या-घेण्यावर आहे आणि तो योग्यच आहे. जे दिले जाते त्याची नोंद मात्र त्या चर्चेत मागेच राहिली. मुलाला काय दिले हे लिहायला लोक घाबरतात, म्हणून मुलीला काय दिले हेही लिहिले जात नाही. वधूच्या दागिन्यांची वजन आणि एचयूआयडीसह वेगळी यादी, तिची सही आणि तिच्याच ताब्यात एक प्रत, एवढे झाले तर ठेवायचे, परत करायचे की मोडायचे हा निर्णय बाईला स्वतःच्या मनाने घेता येईल. आज बहुतेक जणींच्या बाबतीत तो निर्णय सोने कोणाच्या कपाटात आहे यावरूनच ठरतो.